न्यामाझी

आमच्या सासूबाई, सगुणाबाई, नाशकातल्या शरणपुरात जन्मलेल्या, पण केसांनी न् रंगानं आपल्या आफ्रिकन आजीवर गेलेल्या. त्या आजीला लहानपणी इंग्रजांनी गुलामांच्या गलबतावरून सोडवून इथल्या मिशनात आणलं होतं. बरोबरची माणसं पुढे परत गेली. आजीनं मराठी ख्रिस्त्याशी लग्न केलं आणि ती इथलीच झाली. तिची भाषा झिजत झिजत घरात तीन शब्द उरले. जेवायला बसवताना 'काआ', शाळेत धाडताना 'हराका' आणि बाळाला थोपटताना 'न्यामाझा'. त्यात 'माझा' ऐकू येतो, म्हणून मुलगी असेल तर 'न्यामाझी', असं आमचं घरगुती व्याकरण!

एवढ्या भांडवलावर सासूबाई भाषा जगवायला निघाल्या होत्या. रविवारी चर्चहून आल्या की गल्लीतल्या पोरांना धरून शब्द घोकून घ्यायच्या. पोरं खाऊ संपेपर्यंत टिकायची. मला हसू यायचं. पण अठ्ठ्याहत्तर साली मला मुलगी झाली आणि त्यांनी हट्टच धरला, नाव ठेवायचं ते आजीच्या भाषेतलं. त्यासाठी चौथा शब्द हवा होता, आणि तो मिळेपर्यंत बाप्तिस्मा होऊ देईनात.

शेवटी पाळकसाहेबांनी पुण्यात शिकणारा टांझानियाचा जुमा गाठून आणला. सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या, नातीला मांडीवर घेतलं आणि तिन्ही शब्द म्हणून दाखवले. जुमाचा चेहरा उतरला. तो इंग्रजीत बोलला आणि मराठीत सांगणं माझ्या वाट्याला आलं.

शब्द स्वाहिलीतले होते. जुमाच्याही घरची भाषा तीच, पण त्या काळी गुलामांचे व्यापारीही तीच बोलत. 'काआ' म्हणजे बस. 'हराका', लवकर चल. 'न्यामाझा', गप्प राहा. माणसांना किनाऱ्याकडे हाकताना कानावर पडलेले हुकूम असावेत, असं तो म्हणाला. आजीची स्वतःची भाषा निराळीच असणार. आतल्या मुलखात भाषा कितीतरी, त्यातली कोणती हे यावरून कळायचं नाही. स्वाहिलीतलं एखादं छान नाव सुचवू का, असंही बिचाऱ्यानं विचारलं. सासूबाईंनी नको म्हणून मान हलवली.

"आजीची आई तिला थोपटताना काय म्हणत असेल, विचार त्याला."

"ते त्याला नाही सांगता येणार, आई."

तेवढ्यात मुलगी रडायला लागली. सवयीनं सासूबाईंचा हात थोपटायला गेला, ओठ उघडले आणि तसेच मिटले. मी तिला घ्यायला वाकले, तर त्यांनी मला अडवलं.

"रडू दे तिला. आमच्यात कुणाला धड रडूच दिलं नाही."