मास्तरांसाठी एक मिनिट
बिनतारी प्रसारणाला शंभर वर्षं झाली, म्हणून आम्ही हौशी रेडिओवाल्यांनी शाळेच्या हॉलमध्ये सोहळा ठेवला होता. जुन्या पद्धतीचा ट्रान्समीटर मी चार महिने खपून जोडला. तो चालू झाल्यावर मी असा मिरवलो, जणू रेडिओचा शोध माझ्याच बापाने लावला.

आमच्यात एक रिवाज आहे. अशा दिवशी वारलेल्या सभासदांची हवेतली नावं, म्हणजे कॉल साइन, एकेक करून पुकारायची आणि मग मिनिटभर गप्प राहून नुसतं ऐकायचं. यादी आमचा सेक्रेटरी करतो. पेशाने शिंपी, मापात पक्का. पण दोन-तीन वर्षं ज्याचा आवाज हवेत आला नाही, तो गेला असं धरून चालतो. आम्हीही माना डोलावतो, घरी जाऊन बघत कोणीच नाही.

या वर्षी शेवटचं नाव तारमास्तरांचं होतं. मला मोर्स, म्हणजे टिकटिकीची तारभाषा, त्यांनीच शिकवली. अक्षर चुकलं की बोटांवर पट्टी बसायची.

"तू त्यांचा पट्टशिष्य. बोल दोन शब्द," शिंपी म्हणाला.

मी ट्रान्समीटरचा माईक धरला आणि जिभेला हाड राहिलं नाही. "मास्तर मला बापाच्या जागी. आजारपणात मी रोज त्यांच्या उशाशी बसायचो. माझा हात हातात घेऊनच त्यांनी प्राण सोडला."

धादांत खोटं! मास्तर आजारी आहेत एवढं कानावर आलं होतं. उद्या जाऊ, परवा जाऊ करत तीन वर्षं गेली. ते वारल्याचं मला शिंप्याच्या यादीतूनच कळलं. पहिल्या रांगेत लोक डोळे पुसत होते. माझी बायको तेवढी माझ्याकडे रोखून बघत होती.

मग मौन. स्पीकरमधून नुसती खरखर.

तेवढ्यात टिकटिक सुरू झाली.

"कोण रे हा गाढव? मौन चाललंय!" शिंपी पुटपुटला.

आधी कॉल साइन आली. मास्तरांची. कोणी तरी थट्टा करतंय, असं वाटलं. पण मोर्स ठोकणाऱ्याचा हात चालीवरून ओळखता येतो, आणि शब्दाचा शेवटचा ठोका लांबवायची ती खोड मास्तरांचीच. फक्त हात आता लंगडत होता.

"जिवंत आहे. वाचा गेली. हात आत्ता कुठे चालतो. रोज ऐकतो तुम्हाला."

हॉलमधल्या प्रत्येक सभासदाला मोर्स येत होतं. कोणाला अर्थ सांगावा लागला नाही. शिंप्याच्या हातातली यादी खाली पडली.

टिकटिक पुन्हा सुरू झाली.

"उशाशी खुर्ची आहे. तू कधी आलास?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ट्रान्समीटरच्या मोर्स ठोकायच्या किल्लीवर बोटं ठेवली आणि ठोकलं, "कधीच नाही." एक अक्षर चुकलं.

"चूक," मास्तरांचं उत्तर आलं. "पुन्हा ठोक."