सात पुलांचा तास

"दार सताड उघडं ठेवलं तरी?" मी विचारलं.

"तरी नाही," गुरुसिद्धप्पा सर म्हणाले. वयानं माझ्याहून थोडेच मोठे, बिनलग्नाचे, आणि इतके भित्रे की बोलताना हातातल्या खडूकडे बघायचे. "वर्गात तुम्ही एकट्याच, विजयमालाबाई. लोक काय म्हणतील? बाकीच्यांसारखा मेकॅनिक्स घ्या ना."

साल सत्त्याहत्तर. एम. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स हा विषय नवा आला होता. कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतो ते गणित. कॉम्प्युटर मी पाहिलेला नव्हता, सरांनीही नव्हता. पण पुस्तकाचं पहिलं प्रकरण वाचलं आणि मला दुसरं काही गोडच लागेना. एक अधिक एक बरोबर एक, असं छातीठोक सांगणारं गणित! ते सोडू? का, तर मी बाई म्हणून? माझं डोकंच फिरलं.

घरी येऊन पुस्तकं आदळली. नवरा जालिंदर कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात, यायचा तो रविवारी. एरवी घरात मी आणि सासूबाई, सारजाबाई. मी त्यांना आत्या म्हणायची. विड्या वळता वळता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी वर्गात आणिक एक बाई पायजे, येवढंच की?"

"होय."

"मग मी येते. त्यात काय?"

दुसऱ्या दिवशी आत्या मांडीवर विड्यांचं सूप घेऊन शेवटच्या बाकावर बसल्या. पोरं खिडकीतून हसली. गल्लीत तर चर्चेला ऊतच आला. सुनेवर पाळत ठेवायला सासू कॉलेजात जाते म्हणे! आत्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "व्हय, जाते. तुमी बी चला की."

आठवडाभरात विभागप्रमुख आले. तंबाखूचा वास येतो, हे इथं चालणार नाही. आत्यांनी सूप घरी ठेवलं आणि रिकाम्या हातांनी येऊन बसायला लागल्या. रोजची अर्धी मजुरी बुडत होती. माझा जीव तुटायचा, पण त्या विषयच काढू देत नव्हत्या. हाताला काम नाही म्हटल्यावर बसून करतात काय? ऐकायला लागल्या.

एके दिवशी सरांनी ग्राफ काढायला घेतला. एक नदी, नदीत दोन बेटं, आणि गावाला जोडणारे सात पूल. "घरातून निघायचं, प्रत्येक पूल एकदाच ओलांडायचा, एकही सोडायचा नाही. जमेल का?"

मागून आत्यांचा आवाज आला, "न जमायला काय झालं?"

सर वळून चक्क हसले. तेवढ्यात विभागप्रमुख आत आले. "उद्यापासून ही खोली बी. एस्सी.ला. एका मुलीसाठी तास चालवता येणार नाही. अहो, कॉम्प्युटरचा पत्ता नाही आणि त्याचं गणित! बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी."

"मी विषय बदलणार नाही," मी म्हणाले. आवाज चढला होता, चढू दे. "विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पेपर आहे. मी तो देणार."

"द्या की. घरी बसून द्या."

सर नुसते "हो, सर" म्हणाले. शिपायानं आमच्यादेखत कुलूप लावलं. मला रडू फुटत होतं, पण त्या माणसासमोर रडायचं नव्हतं. सर मान खाली घालून सायकलीकडे निघाले. आत्या झपझप पुढं गेल्या आणि त्यांची वाट अडवून उभ्या राहिल्या.

"मास्तर, पुलांचं अर्धं सांगून कुटं चाललाव?"

"आई, आता खोली नाही."

"नदीला खोली कशाला लागती?"

सर मागं फिरले. मग त्यांनी खिशातून खडू काढला, विभागप्रमुखांच्या दारासमोरच्या व्हरांड्यात गुडघ्यांवर बसले आणि फरशीवर नदी काढली. इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत. दोन बेटं, सात पूल. हा भित्रा माणूस!

"हे कधीच जमत नाही, आई. तेच आज शिकायचंय."

"मला बघू द्या आदी."

आत्यांनी लुगडं वर खोचलं आणि अनवाणी पहिल्या पुलावर गेल्या. सहा झाले, सातवा राहिला. मागं आल्या. पुन्हा निघाल्या, दुसऱ्या वाटेनं. पोरं गोळा झाली होती. सुरुवातीला खिदळली, मग एकेक जण "आजी, आता बेटावरून!" असं सांगायला लागला. मी हातात वही घेऊन कुठं अडतं ते लिहीत होते.

दार उघडलं. विभागप्रमुख बाहेर आले. पायाशी नदी. एक पाऊल उचललं आणि एवढ्या पोरांसमोर ते तसंच मागं घेतलं.

"बरं," ते सरांना म्हणाले, "उद्या खोली उघडून देतो."

"नगं," आत्या वर न बघताच म्हणाल्या. "खोलीत येवढे पूल मावायचे न्हाईत."

आणि नदीच्या पलीकडं जाऊन त्यांनी पुन्हा मोजायला सुरुवात केली.