मागच्या सीटवरून ब्रेक

मुंग्या येतात माझ्या हातांना, स्कूटर चालवते मी, आणि हँडलच्या ग्रिप कोणत्या घ्यायच्या हे ठरवायला निघाले आमचे हे. मागच्या सीटवर बसणारा माणूस! साठी उलटल्यावर बाईच्या डोक्याला ताप व्हायला आणखी काय लागतं?

आमचे हे म्हणजे हेमचंद्र. बांधकाम खात्यात होते. अर्ध्या जिल्ह्याचे रस्ते यांच्या देखरेखीखाली झाले आणि उरलेल्या अर्ध्यांना यांनी नावं ठेवली. गेल्या वर्षी यांना काचबिंदू निघाला आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. डावा डोळा जरा कमजोर आहे, उजवा फर्स्टक्लास, असं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. पेपर वाचतात, शब्दकोडं सोडवतात, माझ्या पदराला हळदीचा डाग पडला तर तोही दाखवतात. तेव्हापासून गाडी मी चालवते आणि हे मागे बसतात.

नुसते बसले असते तर माझी काही तक्रार नव्हती. "डावीकडे खड्डा! ब्रेकर आला, ब्रेकर! अगं हळू, ब्रेक मार, ब्रेक!" हर्सूलच्या घरापासून औरंगपुऱ्याच्या बाजारापर्यंत यांचं हे चालू. बरं, यातले निम्मे खड्डे कधीच बुजलेत. "बुजवला तो, मागच्या पावसाळ्यानंतर!" मी हेल्मेटमधून ओरडते. "नीट नाही बुजवला," मागून उत्तर येतं. आणि दर वेळी 'ब्रेक' म्हटलं की माझी बोटं आपोआप मुठीवर आवळतात. औरंगपुऱ्यात पोचेपर्यंत हात इतके बधिर होतात की हेल्मेटचा पट्टा सोडवता येत नाही.

हाडांचे डॉक्टर म्हणाले, मनगटातली नस दबते आहे, मूठ फार आवळू नका. का आवळता, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. नवरा मागून ओरडतो, हे काय डॉक्टरला सांगायचं? घरातही मी कधी बोलले नाही. सगळी नोकरी ज्या माणसानं जिल्हाभर दुचाकी पळवली, त्याच्याकडे आता ओरडण्यापलीकडे काही उरलं नव्हतं. तेवढं तरी असू दे, असं म्हणून मी गप्प बसत आले.

पण मुंग्यांची बातमी पुण्याला पोचली. आमचा मुलगा हिमांशू तिथं असतो. "आई, बाबांचे डोळे तसे, तुझे हात असे. तिकडे कशासाठी राहताय? इकडे या. स्वरदानं खोली रिकामी करून ठेवलीय." सून चांगली आहे, खोलीही चांगली आहे, तेराव्या मजल्यावरून डोंगर दिसतो म्हणे. पण इथं मनात आलं की मी चावी उचलते आणि निघते. तिथं भाजीसुद्धा मोबाईलवर मागवतात. मला जायचं नाही, हे मी हिमांशूला सरळच सांगितलं होतं. तोही सरळच बोलला. "गाडी चालवता येतेय तोवर राहा. हात गेले की मी घ्यायला येणार." म्हणजे हात शाबूत राहिले तर हर्सूल, नाही तर पुणं.

म्हणून हा ग्रिपचा उद्योग. पहिली जोडी हिमांशूनंच पाठवली, स्पंजची, पार्सलनं. हाताला गादीसारखी लागायची, पण इतकी जाड की ब्रेकच्या दांडीपर्यंत माझी बोटंच पोचेनात. त्यात घामानं ती ओली राहायची आणि तिला वास यायचा. दुसरी जोडी यांनी आणली, स्वतः पसंत करून. कडक रबर, वर दाणे. "पकड बघ कशी आहे," म्हणाले. पकड होतीच. घरी आल्यावर तळहातावर ते दाणे तासभर उमटलेले असायचे. पोळ्या लाटताना मला यांच्याच डोक्यावर लाटणं मारावंसं वाटायचं.

तेव्हा आज मी ठरवलं की स्वतः जायचं आणि स्वतःच्या हातानं निवडायचं. "मी पण येतो," हे म्हणाले. "तुला त्यातलं काय कळतं?" मला त्यातलं काय कळतं!

औरंगपुऱ्यात आतल्या गल्लीत कडुबाचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. बाहेर गाड्या लावायला जागा नाही, आत माणसं उभी राहायला जागा नाही, पण माल सगळा मिळतो. कडुबानं काउंटरवर ग्रिपांचा ढीग ओतला.

"ह्या बघा काकू. ही जेलवाली, लई मऊ. ही बोटाच्या खाचावाली, कॉलेजची पोरं हीच नेतेत. आन् ही साधी."

मी हात पुढे करायच्या आत यांनी जेलवाली उचलली. डोळे मिटले, मूठ वळली आणि हवेत रेस दिली. मग सोडली. मग पुन्हा दिली. चेहऱ्यावर असं काही समाधान की जणू जालना रोडवर सुसाट निघालेत.

"जरा जाड वाटतेय," हे म्हणाले.

"कोणाला?" मी विचारलं.

"मऊपणा ठीक आहे, पण रेस देताना हात सटकेल. काय हो?"

"व्हय काका, बराबर बोलले तुम्ही," कडुबा म्हणाला. "तुमच्या हाताला ही खाचावाली घेऊन बघा बरं."

आणि त्यानं ती यांच्या हातात दिली! मी तिथं उभी, माझ्या मनगटाला डॉक्टरांनी दिलेला पट्टा, आणि हे दोघं यांच्या हाताचं माप काढताहेत. यांनी परत डोळे मिटले, परत रेस दिली.

माझा तोल सुटला. "हात माझे दुखतात! गाडी मी चालवते! तुम्हाला आता चालवायची नाहीये, कधीच चालवायची नाहीये, कळतंय का?"

दुकान लहान, माझा आवाज मोठा. शेजारी हॉर्न बघत असलेलं गिऱ्हाईक हळूच बाहेर निघून गेलं. कडुबा काउंटरची काच पुसू लागला. यांनी ग्रिप खाली ठेवली, ती काउंटरवर न पडता खाली जमिनीवर पडली. रागानं टाकली असंच मला वाटलं. मी मुकाट्यानं उचलली.

हे वाक्य वर्षभरात आमच्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. हिमांशूनंसुद्धा नाही. मी ते स्पेअर पार्टच्या दुकानात, परक्या माणसांसमोर बोलून मोकळी झाले होते. मला वाईट वाटलं, पण राग काही ओसरला नव्हता. दोन्ही एकदम होतं.

"काकू, तुमचा हात द्या इकडं," कडुबा हळूच म्हणाला.

मग पाच मिनिटांत काम झालं. खाचा माझ्या बोटांच्या नव्हत्याच, त्यांचे कंगोरे नेमके पेरांवर येत. जेलवाली खरोखरच जाड होती, यांचं तेवढं बरोबर निघालं. साधी काळी, पातळ, मधे जराशी फुगीर ग्रिप हातात घेतली आणि बोटं आपणहून तिच्याभोवती बसली. कडुबानं जुन्या ग्रिप ब्लेडनं कापून काढल्या, पेट्रोलचा हात फिरवून नव्या चढवल्या. "थोडं थांबून जावा. पेट्रोल उडालं पायजे, नाय तर मूठ गरागरा फिरती."

आम्ही थांबलो. हे रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले, मी त्यांच्याकडे पाठ करून.

निघालो तेव्हा मागून आवाज नव्हता. एक शब्द नाही. गर्दीतून गाडी काढली, दिल्ली गेट आलं, तरी शांत. खरं सांगते, मला फार छान वाटलं. हात सैल होते, बोटांत मुंग्या नव्हत्या. ग्रिप उत्तम होत्या. आता पुण्याचं नाव निघालं की हात वर करून दाखवीन, असं मी मनात म्हणत होते.

आणि मग मागून सुरू झालं. हळू आवाजात, पण तेच. "पुढे रस्ता खचलाय. जपून. ब्रेक." दुकानात एवढं झालं, तरी या माणसाची सवय जाईना! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, आता यांना बोलायला जागाच ठेवायची नाही.

आमच्या घराकडे डावीकडे वळणारी एक गल्ली आहे, नेहमीची. तिच्या अलीकडे, तिला समांतर, मोकळ्या प्लॉटांमधून नवा सिमेंटचा रस्ता झालाय. खड्डा नाही, ब्रेकर नाही, वर्दळ नाही. मी एक वळण आधीच डावीकडे वळले. ओरडा आता कशावर ओरडायचं ते!

"गिरणीसमोर ड्रेनेजचं झाकण वर आलंय," हे म्हणाले. "उजवीकडून घे."

मला वाटलं, टोमणा मारताहेत. गिरणी नेहमीच्या गल्लीत राहिली होती. गाडी गुळगुळीत सिमेंटवरून चालली होती.

"शाळेचा ब्रेकर. हळू घे."

शाळा पलीकडच्या गल्लीत. इथं एका बाजूला वाळूचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला बांधलेल्या दोन शेळ्या.

"हे बघ, कोणीतरी रिक्षा आडवी लावून ठेवलीय. काही अक्कल आहे का या लोकांना? ब्रेक मार."

मी ब्रेक मारला. रिक्षा कुठंच नव्हती. समोर अख्खा रस्ता रिकामा होता.

"काय झालं?" हे म्हणाले. "रिक्षा हलवत नाही का तो?"

मी गाडी बंद केली, हेल्मेट काढलं आणि मागे वळले. "आपण कुठं आहोत?"

"गिरणीपाशी. का?"

"नीट बघून सांगा."

यांनी मान डावीकडे वळवली. थोडी, मग आणखी थोडी. पलंगाखाली हरवलेली चप्पल शोधावी तशी नजर फिरवत राहिले. वाळूचा ढीग सापडायला त्यांना बराच वेळ लागला. सापडल्यावर ते तिकडेच बघत बसले.

"ही आपली गल्ली नाही," शेवटी म्हणाले.

"कधीपासून?"

"दिवाळीनंतर."

"उजवासुद्धा?"

"मधलं दिसतं. पेपर दिसतो. समोर आलीस तर तुझं तोंड दिसतं. कडेचं सगळं गेलं. इथं मागे बसलं की फक्त तुझी पाठ."

"मग ओरडता कशाला?"

"गप्प बसलो असतो तर तुला कळलं असतं."

सगळे जुने खड्डे. बुजलेले, मोडलेले, आठवणीतले. पाठ असलेला रस्ता हा माणूस मला ओरडून ऐकवत होता, आणि भर म्हणून मधेच एखादी रिक्षा आडवी लावत होता. मी वर्षभर त्याच्या नावानं बोटं मोडली होती.

"डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोनदा पुढची तारीख दिली म्हणालात, ते?"

"मी फोनच केला नव्हता."

मला भयंकर राग आला. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. त्या रागाखाली भीती होती.

"अहो, पण का?"

"त्यांनी तपासलं असतं, हिमांशूला कळलं असतं, मग तो घ्यायला आला असता. तुला जायचं नव्हतं ना."

"माझ्या नावावर खपवू नका!" मी ओरडले. शेळ्या दचकून उठल्या. "मी म्हटलं होतं का, माझ्यासाठी डोळे घालवा म्हणून? एवढं मोठं खातं चालवलंत, एवढी साधी अक्कल नाही?"

पण त्यांनी खपवलं नव्हतं. खरंच होतं ते. मला जायचं नव्हतं, आणि ते मी घरात रोज म्हणत होते.

मी हेल्मेट घातलं. "बसा नीट."

"घर तिकडे आहे."

"घरी नाही जायचं. डोळ्यांचे डॉक्टर संध्याकाळी असतात दवाखान्यात."

"आता? अपॉइंटमेंट नाही. आणि तुझे हात..."

"हातांचं नाव काढू नका."

गाडी वळवून मोठ्या रस्त्याला आणली. चौकात सिग्नल लाल होता, शंभरच्या घरातला आकडा एकेकानं उतरत होता. मागे हे गप्प बसले होते. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, मग बोलणार तरी काय?

"आज हिमांशूला तुम्ही सांगायचं," मी समोर बघत म्हटलं. "सगळं. मी सांगणार नाही."

"तो म्हणेल, या."

"म्हणू दे. डॉक्टर काय सांगतात ते बघू, आणि पुण्याला जावं लागलं तर जाऊ. उरलाय तेवढा डोळा राहिला पाहिजे." मग वर रागानं जोडलं, "भाजी मागवू मोबाईलवर, काय मरत नाही त्यानं."

त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. वर्षभर ते मागची कडी धरून बसायचे.

दिवा हिरवा झाला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. मी मान थोडी वळवली आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "निघतेय हं. आता उजवीकडे."