मुक्कामाचा रकाना

दिपालीने वडिलांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून विचारलं, "बाबा, बाहेरच्या माणसाने भिवंडीत काय बघावं?"

उत्तर भिंतीपलीकडून आलं. "वज्रेश्वरीची कुंडं लिही गो, नि लोनाडची लेणी!" शेजारच्या जानकीबाई म्हणाल्या.

तिच्या बाबांना, हिरामणांना, मात्र काहीच ऐकू गेलं नाही. तीस वर्षं कापडाच्या कारखान्यात बिघडलेले लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करता करता त्यांचे कान पार गेले होते. भिवंडीतल्या टेमघरच्या या चाळीत त्यांना काही सांगायचं म्हणजे दवंडीच पिटायची. म्हणून दिपाली वसईहून आली तेव्हा एवढंच ओरडली होती, की पर्यटन पुस्तिकेचं काम मिळालंय, चार दिवस राहीन. सासरचं बाकी सगळं तिने पोटातच ठेवलं. चार दिवसांसाठी एवढी जड बॅग कशाला, हे हिरामणांनी विचारलं नव्हतं. आज चौथा दिवस होता.

शेवटी तिने प्रकाशकाचा छापील कागद त्यांच्यापुढे धरला. स्थळ, वैशिष्ट्य, मुक्काम किती दिवसांचा. मुक्कामाच्या रकान्यात तिने 'एक दिवस' असं केव्हाच लिहून टाकलं होतं. हिरामणांनी कागद वाचला आणि पायात चपला सरकवल्या.

"चल, कारखाना दाखवतो. बघन्यासारखा तोच हाय."

आत पाऊल टाकलं आणि दिपालीचे कान बंद झाले. चाळीस लूम एकदम खडखडत होते, पायाखालची फरशी थरथरत होती. अशा ठिकाणी ती वैशिष्ट्य काय लिहिणार, डोंबल! हिरामणांची पाठ मात्र ताठ झाली. पार पलीकडच्या टोकाला एका कामगाराने नुसते ओठ हलवले, आणि ते हसले. दोन बोटं उडवून त्यांनी उत्तर दिलं, तर तोही हसला. इथे सगळे असेच बोलत होते, आवाज न काढता. घरी कोपऱ्यात गप्प बसणारे बाबा इथे चक्क गप्पा मारत होते आणि बहिरी ठरली होती दिपाली.

ती त्यांच्यासमोर उभी राहिली. तिने आवाज न काढता विचारलं, "माझं कळतंय?"

हिरामणांनी तिच्या हातातली वही घेतली आणि लिहिलं, 'तुमी वरडता नि तोंड वाकडं होतं. मग कसं कळनार?'

इतकी वर्षं सगळे उगाच ओरडत होते! दिपालीला रडूच कोसळलं. मग तिने डोळे पुसले आणि त्या गोंगाटात, कुणालाही ऐकू न जाता, सांगून टाकलं, "वसईला परत नाही जायचं मला, बाबा. ते हात उगारतात."

हिरामणांनी तिचा हात धरला आणि तिला बाहेर आणलं.

चहाच्या टपरीवर बसल्यावर त्यांनी पुस्तिकेचा कागद मागून घेतला. 'एक दिवस' वर काट मारली आणि बाजूला लिहिलं, 'लागतील तेवढे'.

"हे छापायला चालंल काय?" त्यांनी इतक्या मोठ्याने विचारलं की टपरीवरचे सगळे वळून बघू लागले.

दिपाली ओरडली नाही. त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश, नुसत्या ओठांनी म्हणाली, "चालेल."