ताईची साक्ष

आमच्या चर्चच्या मंडळीत साक्ष म्हणजे तीन मिनिटं. आधी मी किती अंधारात होते, मग प्रभू कसा भेटला, आणि आता सगळं कसं झकास आहे. 'आधी'ला स्टेजवर निळे दिवे, 'आता'ला पिवळे. मागच्या काचेच्या खोलीत बसून दिवे मीच लावते, म्हणून मला हे तोंडपाठ आहे. पिवळा दिवा लागला की कीबोर्डवाला हळूच सूर धरतो आणि माणसांचे डोळे भरून येतात. ते रडणं खोटं नसतं, माझंही नसतं. पण ज्यांचं अजून काही झकास झालेलं नाही, त्यांना आम्ही कधी स्टेजवर बोलावत नाही.

बाहेरच्या लोकांना प्रभूची ओळख व्हावी म्हणून आम्ही दरवर्षी सुवार्ता-संध्या करतो, तिथे यंदा साक्ष होती माझ्या थोरल्या बहिणीची. दोन वर्षांपूर्वी तिला कॅन्सर झाला. उपचार झाले, मंडळीनं उपास-प्रार्थना केल्या, रिपोर्ट चांगले आले. मग काय, चौकाचौकात ताईचं पोस्टर: 'ती बरी झाली! तुम्हीही या!' फोटोत तिचा चेहरा इतका गुळगुळीत केला होता की भाऊजी म्हणाले, "ही कोण बाई? हिलाही बोलवा कार्यक्रमाला."

आणि कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी नवा रिपोर्ट आला. आजार परत आला होता.

ताई मला घेऊन पास्टरांच्या खोलीत गेली. पाहुण्यांना वाटायच्या मगांच्या खोक्यांमधून वाट काढत आम्ही बसलो. पास्टर वयानं ताईपेक्षा लहान, आणि माणूस वाईट नव्हे. पहिल्या उपचारांच्या वेळी ताईची उलटीची बादली त्यांनी स्वतः धुतलेली मी पाहिली आहे. बातमी ऐकून त्यांनी डोकं धरलं. मग म्हणाले, "ताई, हॉल भरणार आहे. बाहेरची माणसं येणार आहेत. तुम्ही पहिल्या रिपोर्टपर्यंतच सांगा ना. तेवढं तर खरंच आहे."

"आणि पुढचं?" मी विचारलं.

"पुढचं आपण सावकाश सांगू."

माझं डोकंच फिरलं. सावकाश म्हणजे कधी? एकदा स्टेजवर बरी झाली की ताईला पुन्हा आजारी पडायची सोय उरणार नव्हती. केस गळाले की टोप घालायचा, रविवारी हसत बसायचं, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आणि माझ्या बहिणीनं आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटलेलं मला आठवत नाही. ती नुसतं म्हणाली, "बघते हं, पास्टर."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल खचाखच भरला. पहिल्याच रांगेत ताईच्या खालच्या मजल्यावरच्या बाई होत्या. त्या गाडी चालवायला शिकवतात. आम्ही वर्षानुवर्षं त्यांना बोलावून बोलावून थकलो होतो. त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "तुमचा देव चांगला आहे हो, पण त्याचा स्पीकर फार मोठा आहे." आज ताईचा फोटो पाहून आल्या होत्या.

त्यांच्या मागच्या रांगेत आमेनकाका. निवृत्त बस कंडक्टर, त्यांना माइक लागत नाही. स्टेजवर कुणी श्वास घेतला की काकांचं 'आमेन' तयार.

ताई उभी राहिली. मी निळे दिवे लावले. तिनं गाठ सांगितली, भीती सांगितली, मंडळीनं केलेल्या प्रार्थना सांगितल्या. "आणि मग रिपोर्ट चांगला आला," ती म्हणाली. कीबोर्डवाल्यानं सूर धरला.

"परवा नवा रिपोर्ट आला."

"हालेलुया!" आमेनकाका.

"आजार परत आलाय."

"आमेन!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. काकांना आपण काय बोललो ते कळलं आणि ते खुर्चीत खाली खाली सरकले. कीबोर्डवाल्याला कुठे थांबावं तेच समजेना, तो बिचारा गोड गोड वाजवतच राहिला. मी स्टेजचे सगळे दिवे बंद केले आणि हॉलच्या साध्या ट्यूबलाइट लावल्या.

"मी बरी झाले असं पोस्टरवर लिहिलंय," ताई म्हणाली. "मी बरी नाही. देव काय करतोय, मला नाही माहीत. माझा राग आहे त्याच्यावर. आणि रोज सकाळी त्याच्याशीच बोलते, दुसऱ्या कुणाशी बोलू? माझी साक्ष एवढीच."

पास्टर घाईनं पुढे आले. चेहरा पांढरा पडला होता, पण सवय तोंडात बसलेली. "आपण सगळे डोळे मिटू या. माना खाली. ताईंसाठी ज्यांना प्रार्थना करायचीय त्यांनी हात वर करा. कुणी बघणार नाही."

हे आमचं नेहमीचं. मिटल्या डोळ्यांच्या हॉलमध्ये ढिगानं हात वर होतात, आणि सोमवारी कुणी कुणाला विचारत नाही.

"डोळे नका मिटू," ताई म्हणाली. "मंगळवारपासून मला दर आठवड्याला हॉस्पिटलात जायचंय. ह्यांच्या सुट्ट्या संपल्यात. बसमध्ये मला उलट्या होतात. कोण येईल माझ्याबरोबर? हात वर करा. मला बघू दे."

आख्ख्या हॉलला जणू चप्पल बघायचं काम लागलं. मला माझ्या बहिणीचा इतका अभिमान वाटला आणि आम्हा सगळ्यांची इतकी लाज वाटली की काचेमागे मी रडायलाच लागले.

पहिला हात वर झाला तो खालच्या बाईंचा. "मी नेते," त्या म्हणाल्या. "शिकवायची गाडी आहे, दोन दोन ब्रेक आहेत, घाबरू नका. पण आधीच सांगते, मी बाप्तिस्मा वगैरे घेणार नाही."

"नका घेऊ," ताई म्हणाली. "वेळेवर या म्हणजे झालं."

माणसं हसली आणि हॉल सैल झाला. पास्टरांनी माइक खाली ठेवला आणि हात वर केला. मग इकडून एक, तिकडून दोन, सगळे उघड्या डोळ्यांनी, एकमेकांच्या देखत.

सगळ्यात शेवटी आमेनकाका उठले. मान खाली, कान लाल. एरवी भिंती हलवणारा त्यांचा आवाज आज मला काचेमागे जेमतेम ऐकू आला.

"मला गाडी येत नाही, पोरी," ते म्हणाले. "मी बादली धरीन."

ताईनं डोळे पुसले आणि माइक जवळ घेतला.

"आमेन, काका," ती म्हणाली.