मागे न बघण्याचं काम

"मास्तर, ती मेलेली आहे ना हो? मग एवढं वजन कशाला टाकताय? बाई भाजी घेऊन घरी निघाल्यासारखी वाटतेय."

काचेपलीकडून रेकॉर्डिस्टचा आवाज स्पीकरमधून आला आणि पाऊलमास्तर एका पायावर थांबले. वय साठीच्या पुढे, डोक्यावर केस मोजकेच, पँट सळसळू नये म्हणून गुडघ्याखाली बांधलेले रबर, आणि पायात बायकी सँडल. सँडल लहान असल्यामुळे टाचा मागून बाहेर डोकावत होत्या.

"मेलेली बाई कशी चालते ते तू येऊन दाखव," मास्तर म्हणाले. "मी आजवर जिवंत बायकाच चालवल्यात."

मास्तरांचा धंदा सांगितला की लोकांना आधी पटत नाही. पडद्यावर माणसं चालतात, जिने चढतात, तरातरा निघून जातात, तेव्हा ऐकू येणारी पावलं बहुतेक वेळा त्यांची नसतातच. चित्रीकरणाच्या वेळी सगळं लक्ष बोलण्याकडे असतं. पावलं मागाहून काढतात, एका बंद खोलीत, चित्राकडे बघत बघत. त्या खोलीच्या जमिनीचे तुकडे केलेले असतात. इथे फरशी, तिथे लाकूड, पलीकडे वाळू, खडी, सिमेंट. मास्तर त्या तुकड्यांवर जागच्या जागी चालत आणि पडद्यावरचा माणूस गावभर फिरून येई. एका सिनेमात नायक, खलनायक आणि घोडा असे तिघंही तेच होते. घोड्याचं काम जास्त चांगलं झालं होतं, असं ते स्वतःच सांगत.

आजचं काम एका मालिकेचं होतं. ग्रीक पुराणातल्या गोष्टी आजच्या काळात आणून सांगायच्या अशी तिची तऱ्हा होती. सध्या अशा मालिकांना बरकत आली होती. देव कोट घालून कचेरीत बसत, देवी मोबाईलवर भांडत, आणि तरुण मंडळी ते रात्र रात्र बघत. या भागात गवयाची गोष्ट होती. गवयाची बायको साप चावून मरते. तो पाताळात जातो, गातो, पाताळाच्या राजाला पाझर फुटतो. राजा म्हणतो, घेऊन जा, ती तुझ्या मागून येईल, पण उजेडात पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. जुन्या गोष्टीत गवयाला राहवत नाही. तो वळतो आणि ती कायमची जाते. मालिकेत गवयाच्या हातात गिटार होती आणि पाताळ म्हणजे एका उंच इमारतीखालचं पार्किंग होतं. वर यायला सिमेंटचा गोल गोल चढ, लिफ्ट बंद.

"आणि आपल्याकडे तो वळत नाही बरं का," रेकॉर्डिस्टने सकाळीच सांगून ठेवलं होतं. "दोघंही वर येतात. रडका शेवट लोकांना चालत नाही म्हणे. शिवाय पुढच्या पर्वात तिला वकील करायचंय."

मास्तरांनी गवयाची पावलं सकाळीच उरकली होती. घोडं अडलं होतं ते बायकोच्या पावलांवर. हलकी टाकली तर मांजर वाटे, जड टाकली तर भाजीवाली बाई. आणि दोन्ही एकत्र ऐकली की गवई एका इमारतीत चालतोय आणि बायको दुसऱ्याच, असं ऐकू येई.

"दिग्दर्शकाचा निरोप आहे," रेकॉर्डिस्ट आता दार उघडून आतच आला. "दोघांची एकत्र घ्या म्हणतात. पुढे तो, मागे ती, एकाच माइकवर. अंतर खरं वाटलं पाहिजे. बायकांची पावलं काढायला कधीमधी येतात त्या बाईंना फोन केला, तर त्यांचा पाय मुरगळलाय." मग जरा घुटमळून तो म्हणाला, "ताईंना विचारू का?"

ताई म्हणजे मास्तरांची मुलगी. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. लहानपणी शाळा सुटली की ती याच खोलीत येऊन कोपऱ्यात अभ्यास करत बसे, आणि गर्दीच्या दृश्यात पावलं कमी पडली तर तिलाही चालायला उभी करत. काम तिला येत होतं, पण आई गेल्यापासून तिने या खोलीत पाय ठेवला नव्हता.

"विचार," मास्तर म्हणाले. "नाही म्हणेल ती."

ती हो म्हणाली. दुकानातून अर्धी रजा काढून येते म्हणाली. मास्तरांना हायसं वाटलं आणि लगेच धास्तीही वाटली.

कारण पुढे तो आणि मागे ती, हे मास्तरांचं सगळं आयुष्य होतं. या खोलीत पुरुषांची पावलं ते काढत आणि बायकांची त्यांची बायको. सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. खोली अरुंद, म्हणून तिने त्यांच्या मागे उभं राहायचं. आणि या कामाचा एकच कडक नियम आहे, की नजर पडद्यावरून हलवायची नाही. पडद्यावरचं पाऊल चुकलं की सगळं पहिल्यापासून. त्यामुळे वर्षानुवर्षं मास्तर पडद्याकडे बघत चालत राहिले आणि मास्तरीणबाई त्यांच्या पाठीमागे चालत राहिल्या. पावलं इतकी जुळायची की आधीचे रेकॉर्डिस्ट म्हणत, एकाच माणसाला चार पाय आहेत.

मास्तरांना तिचं पाऊल झोपेतही ओळखू आलं असतं. डावं किंचित घासत यायचं, उजवं टक्कन पडायचं. रागावली की उजवं जास्त वाजायचं. दुखणं आत सुरू झालं तेव्हा डॉक्टरांच्या आधी मास्तरांना कळलं होतं, कारण डाव्याचं घासणं लांबलं होतं. शेवटी शेवटी ती अंथरुणावरच होती आणि मग ती गेली.

आता दोन वर्षांनी मास्तरांना एकच गोष्ट छळत होती. डोळे मिटले की तिचा चालण्याचा आवाज यायचा, पण चालणारी ती दिसत नव्हती. ओट्यापाशी उभी असलेली ती दिसे, जेवायला बसलेली दिसे, पाठ करून झोपलेलीही दिसे. चालताना मात्र कशी दिसायची? हात हलवायची का? मान वर असायची की खाली? खोलीत ती मागे असायची, आणि रस्त्याने जातानाही मास्तर सवयीने चार पावलं पुढेच असत. ऐकू येतेय ना मागे, मग बघायचं कशाला, असं त्यांना वाटायचं. आता त्यांना ते बघायचं होतं, बाकी काही नको होतं. एकदा, रस्ता ओलांडेपर्यंतसुद्धा चाललं असतं.

मुलगी आली. चष्मा, खांद्याला पिशवी, कपाळावर घाम.

"काय बाबा, इतक्या वर्षांनी नटी केलीत मला."

"नटी नाही, नटीचे पाय," मास्तर म्हणाले. "हे घाल."

तिने सँडल हातात घेऊन उलटसुलट करून बघितल्या. "आईच्या ना?"

"हो. जरा सैल झाल्यात. मी घालतो ना हल्ली."

तिने पायात घातल्या. खरंच सैल झाल्या होत्या, मास्तरांच्या पायांनी त्यांचा पार आकार बदलला होता. तिने घोट्याशी रबर बांधून त्या जमेल तेवढ्या घट्ट केल्या.

"मला काय करायचंय?"

"माझ्या मागून ये. नजर पडद्यावर ठेव. तू मेलेली आहेस, पण तुला यायचंय. पुढच्या पर्वात वकील व्हायचंय."

"सोपंच आहे की," ती म्हणाली.

खोलीतला दिवा मंद झाला. पडद्यावर पार्किंगचा सिमेंटचा चढ आला. गवई चालू लागला आणि मास्तर चालू लागले. काही पावलांनंतर पडद्यावर, गवयाच्या खांद्यामागे, धुरकट अशी ती बाई दिसली. आणि मास्तरांच्या पाठीमागे सँडल वाजल्या.

डावं घासून, उजवं टक्कन.

मास्तरांच्या अंगावर काटा आला. सँडल सैल म्हणून घासतेय, हे डोक्याला कळत होतं. पण कानांना ते पटेना. पुन्हा डावं घासलं, पुन्हा उजवं पडलं. तेच अंतर, तोच श्वास. पडद्यावर गवयाचा घाबरा चेहरा मोठा होत गेला. आता उजेड जवळ आला होता आणि मागची पावलं येतच होती. ती चालतेय. आत्ता, इथे, माझ्या मागे, हातभर अंतरावर. नुसती मान वळवायची.

मास्तर वळले.

मुलगी एक पाय उचलून उभी होती. नजर पडद्यावर, तोंड किंचित उघडं, लहानपणी गणित सोडवताना असायचं तसं. चष्म्याच्या काचेत पडद्याचा उजेड पडला होता. तिने उचललेला पाय हळूच खाली ठेवला.

"मास्तर!" स्पीकर ओरडला. "काय हे! अहो तो वळत नाही या वेळी! सबंध मालिकेत हेच तर नवीन आहे!"

"चुकलं," मास्तर म्हणाले. "पाय सरकला."

इतक्या वर्षांत मास्तर काम चालू असताना कधी मागे वळले नव्हते. रेकॉर्डिस्टला ते ठाऊक होतं. तो नुसतं "चहा घेऊ या," म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

मुलगी वाळूच्या चौकोनाच्या काठावर बसली. "पाय नव्हता सरकला."

"नव्हता."

"आई वाटली?"

मास्तरांनी मान हलवली. मग ते तिच्याकडे न बघता बोलले. "ठमे, मला ती चालताना आठवत नाही गं. आवाज सगळा पाठ आहे. पण दिसतच नाही. इतकी वर्षं माझ्या मागे होती, आणि मी ढुंकून बघितलं नाही. बघायचं नसतं, काम होतं ते. पण आता मला बघायचंय, आणि कुठे बघू?"

ठमी हे तिचं घरातलं नाव. मास्तर ते फार दिवसांनी घेत होते. तिने चष्मा काढून पुसला, परत घातला.

"चला बाबा," ती म्हणाली. "घेऊन टाकू. तिला वकील व्हायचंय."

पुढच्या वेळी मास्तर वळले नाहीत. मागे डावं घासत राहिलं, उजवं पडत राहिलं, आणि ते दात आवळून पडद्याकडे बघत राहिले. चढ संपला. गवई उन्हात आला, त्याच्यामागून ती आली. गवयाने तिला घट्ट धरलं, तिच्या केसांत तोंड लपवलं. मग दूर होऊन तो तिला नुसता बघत राहिला, पायांपासून डोक्यापर्यंत.

"झालं!" रेकॉर्डिस्टने टाळी वाजवली. "वाचली बाई! मास्तर, ताई, कमाल केलीत!"

मास्तरांना त्या गवयाचा हेवा वाटला. मेला कुठला, नुसती मालिका, पण बघत किती वेळ उभा राहिला होता.

ते बाहेर पडले तेव्हा ऊन उतरलं होतं. रस्त्यावर कचेऱ्या सुटल्याची गर्दी होती. सवयीने मास्तर पुढे झाले आणि चार पावलांवर थांबले.

"ठमे, तुला आठवते का ती? चालताना?"

"आठवते म्हणजे? शाळेत सोडायला तीच यायची की. रोज तिच्या मागून धावायचे मी. सारखी म्हणायची, पाय उचल, पाय उचल."

"कशी चालायची?"

"आता ते कसं सांगू? चालायची तशी."

"मग दाखव."

"इथे? रस्त्यात? लोक बघतील बाबा."

"बघू देत. बंद खोलीत आयुष्य गेलं आमचं चालण्यात, कुणी बघितलं नाही. आता बघू देत."

ती हसली. मग तिच्या लक्षात आलं की बाबा हसत नाहीयेत. तिने इकडेतिकडे बघितलं, पिशवी डाव्या खांद्यावर घेतली आणि कोपराने अंगाशी दाबून धरली. डावा खांदा जरा खाली गेला. उजवा हात मोकळा सोडला. आणि ती निघाली.

मास्तर फुटपाथवर उभे राहून बघू लागले. ती गॅसवर दूध ठेवून आल्यासारखी चालत होती. मान पुढे, उजवा हात भराभर मागेपुढे, माणसं टाळताना कंबर एकदम वळायची. डावा पाय पिशवीच्या ओझ्याने मागे राहायचा, म्हणून घासायचा. पिशवीमुळे! इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, पायातच काही खोड असेल. खोलीत पिशवी नसताना ती सवयीने तसंच टाकत असणार. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं, कारण नीट दिसेना.

थोडं पुढे जाऊन मुलगी थांबली, मान वळवून त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा चालू लागली.

"वळलीस कशाला?" मास्तर मागून ओरडले. "बरोबर जमत होतं की!"

"आईच वळायची!" ती तिथूनच म्हणाली. "दर थोड्या वेळाने. मी येतेय की नाही ते बघायला. तुमच्याबरोबर असताना नसेल वळत, तुम्ही पुढे असायचात ना."

मास्तर चालू लागले, गर्दीतून, त्या हलणाऱ्या उजव्या हातावरची नजर न काढता. अंतर कमी होऊ नये म्हणून त्यांनी पावलं आवरती घेतली.

चौकापाशी ती पुन्हा वळली. गर्दीत ते तिला चटकन दिसेनात. ती टाचा उंचावून, मान तिरपी करून शोधू लागली.

मास्तरांनी हात वर केला.

"येतोय," ते म्हणाले. "तू हो पुढे."