दोन समुद्र

पोफळीवरून पडल्यापासून अंबाजीला संध्याकाळी दोन सूर्य मावळताना दिसत. वरच्या सूर्याखाली सरळ समुद्र असे. खालच्या सूर्याखालचा समुद्र किंचित कललेला. दोन्ही सूर्य आपापल्या पाण्यात एकाच क्षणी बुडत. कोणताही एक डोळा झाकला, की एकच सूर्य उरे. मान डाव्या खांद्याकडे झुकवली, तरीही एकच.

"पुन्हा मान वाकडी केलीत!" तुळशी मागून म्हणाली आणि तिने नवऱ्याच्या गळ्याभोवतीचे फडके आवळले. फडक्यात बांबूची कामटी होती. हाडे बसवणाऱ्या हिरामणने ती बांधली होती आणि बजावले होते, की मान सरळ राहिली तरच शीर मोकळी होईल. मान सरळ होताच समुद्र पुन्हा दोन झाले.

दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्यांत अंबाजीचे काम वाऱ्यासारखे होते. पायात दोरीचा फास अडकवून तो पोफळीवर चढे, घड उतरवी आणि खाली न येताच शेंडा झुलवून शेजारची पोफळ धरी. सकाळी एका झाडावर चढलेला माणूस वाडीच्या दुसऱ्या कडेला उतरे. माघात अशाच एका झोक्यात हात निसटला आणि डोक्याची मागची बाजू विहिरीच्या काठावर आपटली. तालुक्याच्या इस्पितळात जखम शिवली गेली, ती भरलीही. मान मात्र डावीकडे कलती राहिली, आणि जग दुहेरी झाले. फास तेव्हापासून खुंटीला होता. तो पुन्हा पायात चढेल का, एवढेच अंबाजीला जाणून घ्यायचे होते.

वाडीच्या मालकीणबाई फिरोजाबी यांच्या पडवीत याच गोष्टीची चर्चा झाली.

"मानेचं दुखणं हाय, मानेलाच औषध पायजे," हिरामण म्हणाला. "आणखी म्हैनाभर तेल लावतो. मान न्हाय बसली तर माझं नाव बदल, अंबाज्या."

"मार डोक्याला लागला," तुळशी म्हणाली. "ज्यांनी डोकं शिवलं त्यांच्याकडंच जावं. त्यांना आतलं ठाऊक असंल."

फिरोजाबींनी पानाचा डबा मिटला. दोन वर्षांपूर्वी मुंबईत त्यांचा मोतीबिंदू काढला होता. "डोळ्यांचं इस्पितळ निराळं असतं, तुळशे. तिथले डाक्टर दुसरं काहीच बघत न्हाईत. दिवसभर डोळेच."

"पण बीबी, डोळे चांगले हायेत त्यांचे! एकेक झाकून सुई ओवून दाखवली मला. दोन्हींनी."

"मग दोन्ही मिळून काय होतंय?"

तुळशीने नवऱ्याकडे वळून पाहिले.

"ठरवायचं तर लवकर ठरवा," फिरोजाबी म्हणाल्या. "पावसाळा लागला की आगबोट बंद. मग काय पोहत जाणार मुंबईला?"

अंबाजीने ठरवले ते दुसऱ्या दिवशी, पोफळीवर. तुळशी पाणी आणायला गेली असताना त्याने कामटी सोडून ठेवली, खुंटीवरचा फास काढला आणि घरामागच्या झाडावर चढला. वर पाहिले, तेव्हा शेंडा एकच होता. आभाळ एकच, घार एकच. चढता चढता त्याला वाटले, पडणे हे एक लांबलेले स्वप्न होते आणि ते आता खोडाच्या बुंध्याशी राहिले आहे. झुलणाऱ्या शेंड्याजवळ तो बराच वेळ थांबला. मग उतरण्यासाठी त्याने खाली पाहिले.

खाली जमिनी दोन होत्या. त्यांतली खरी कोणती, हे वरून सांगता येत नव्हते. दोन विहिरी होत्या, दोन घागरी होत्या, आणि दोन तुळशींनी एकाच वेळी कपाळावर हात मारून घेतला.

"उतरा! आधी उतरा तुम्ही, मंग सांगते!"

त्याने डोळे मिटले आणि खोडाला कवटाळून, पायांना जमीन लागेपर्यंत घसरत आला. छाती सोलवटली होती.

"वर समदं ठीक हाय," तो धापा टाकत म्हणाला. "खाली बघितलं का दोन होतंय. मान मोडली असती, तर वाकडी केल्यावर बरं कसं वाटलं असतं? आपण मुंबईला जाऊ. डोळ्यांच्याच इस्पितळात."

तुळशीने ऐकले, पण वाटेत हयगय नको म्हणून कामटी पुन्हा बांधली.

मुंबईच्या डॉक्टरांनी आधी ती कामटी सोडायला लावली. मान आपसूक डावीकडे झुकली. ते पाहून त्यांनी मान हलवली, जणू ओळखीचा माणूस भेटला. उजव्या डोळ्यासमोर तांबडी काच धरून त्यांनी मेणबत्ती पेटवली.

"किती ज्योती?"

"दोन. एक पांढरी, एक तांबडी."

"तांबडी कुठे?"

"खाली. जराशी कललेली."

मेणबत्ती खाली नेली, तसे ज्योतींमधले अंतर वाढले. वर नेली, तसे मिटले. डॉक्टर बराच वेळ लिहीत राहिले.

"मान सरळ कधी व्हायची, साहेब?" तुळशीने विचारले.

"मानेला काहीही झालेले नाही, बाई. ती बांधू नका."

"आन झाड?" अंबाजीने विचारले.

"काही महिन्यांत आपोआप सुधारेल, किंवा सुधारणार नाही. पण दोन दिसते आहे तोवर झाडावर नाही." लेखणी ठेवून ते म्हणाले, "खोटी आशा मी देत नाही."

"न्हाय दिली ते बरं झालं," अंबाजी म्हणाला.

परतीच्या आगबोटीत तुळशी त्याच्या डाव्या बाजूला बसली. कामटीचे फडके धुऊन तिने त्यात शिदोरी बांधली होती. सूर्य पाण्याला टेकला, तेव्हा अंबाजीची मान झुकत झुकत तिच्या खांद्यावर आली. समोरच्या बाकावरचे उतारू हसले. एकाने खाकरून दाखवले. तुळशीने पदर सावरला, पण खांदा काढून घेतला नाही.

समुद्र एक झाला. सूर्य एकदाच बुडाला.

कारण असे होते. उजव्या डोळ्याला खाली वळवणारा एक लहान स्नायू असतो. त्याला हलवणारी बारीक शीर मेंदूच्या मागच्या बाजूने निघते आणि लांब वळसा घेऊन डोळ्यापाशी पोचते. विहिरीच्या काठावर डोके आपटले, तेव्हा ती शीर दुखावली. त्यामुळे उजवा डोळा डाव्यापेक्षा किंचित वर राहिला आणि दोन डोळ्यांना एकच वस्तू दोन वेगळ्या जागी दिसू लागली. मान डावीकडे झुकली, की त्या दोन जागा जुळत.